हुशार पोरीनं बीए इंग्रजी करायचं नाही, हा नियम कुणी केला?

बारावीचा निकाल लागला की आपल्या मानवतमध्ये दोनच प्रश्न विचारले जातात. नीटला किती पडले? आणि कमी पडले असतील तर रिपीट लातूरला करणार का नांदेडला? या दोन प्रश्नांत न बसणारं लेकरू घरात असलं की मायबापाला पाहुण्यांपुढं बोलायची चोरी होते.

परवा ओळखीतल्या एका शेतकऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, तुम्ही पेपरात आहात म्हणून विचारतो. पोरीला ऐंशीच्या वर टक्के आहेत. ती म्हणते इंग्रजी घेऊन बीए करायचंय, कथा लिहायला शिकायचंय. एवढे मार्क असून कुणी बीए करतं का?" माणूस रागात नव्हता, काळजीत होता. असा प्रश्न पडलेली घरं गावात आणखी असतील, म्हणून उत्तर सगळ्यांसमोर लिहितोय.

उत्तर सरळ आहे. करू द्या. फक्त डोळे उघडे ठेवून करू द्या.

आधी आपल्या गावाचं बोलतो. बाहेर कुठंही गेलं आणि गाव मानवत सांगितलं की समोरचा काय म्हणतो? "ते हत्याकांडाचं मानवत का?" १९७२ ते १९७४ या काळात इथं बाया आणि लहान मुलींचे खून झाले. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यावर लिहिलं. त्याच पुस्तकावरून २०२४ मध्ये सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली आणि गाव पुन्हा देशभर गाजलं. कुलकर्णींनी लिहिलं ते चांगलंच केलं. पण ती गोष्ट तपास करणाऱ्याच्या बाजूनं सांगितलेली आहे. ज्या घरातली पोरगी गेली त्या घराची बाजू कोण लिहिणार? आणि खून सोडून या गावात दुसरं काहीच घडलं नाही का? कापसाचा बाजार, जिनिंगमधले मजूर, दुष्काळात गाव सोडून ऊसतोडीला गेलेली माणसं, हे इंग्रजीत कधी जाणार? हे बाहेरचा माणूस चार दिवस लॉजवर राहून लिहू शकत नाही. इथं वाढलेलं लेकरूच लिहू शकतं. पण त्याला लिहायचं कसं हे शिकावं लागेल.

काही जण म्हणतील, इंग्रजी शिकलं की मराठी सुटते. मग ही नावं बघा. बा. सी. मर्ढेकर, विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी, विलास सारंग, भालचंद्र नेमाडे. हे सगळे इंग्रजीचे प्राध्यापक! नेमाडे तर कित्येक वर्षं आपल्या मराठवाडा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. विंदा आणि नेमाडे दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं ते मराठी लेखक म्हणून. परक्या भाषेतलं वाचून त्यांची मराठी बारीक झाली नाही, उलट धारदार झाली.

आणि लेखक पुण्या-मुंबईतच होतात असंही नाही. बी. रघुनाथ परभणीत सरकारी नोकरी करत लिहायचे. आपल्याच जिल्ह्यातले आसाराम लोमटे पत्रकारिता करत कथा लिहीत राहिले आणि त्यांच्या 'आलोक'ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता अर्जाचं बोलू, कारण खरी गाडी इथंच अडते.

'इंग्रजी आणि सर्जनशील लेखन' अशी पूर्ण पदवी आपल्याकडच्या सरकारी विद्यापीठांत सहसा मिळत नाही. सोनिपतच्या अशोका या खाजगी विद्यापीठात तसा विषय आहे, पण खर्च वर्षाला काही लाखांचा. तिथं घरच्या उत्पन्नावर आर्थिक मदत मिळू शकते, पण ती गृहीत धरून पोरीला शब्द देऊ नका. सरकारी विद्यापीठांत बीए इंग्रजी करायचं आणि त्यात लेखनाचा पेपर मिळाला तर घ्यायचा, हा आपल्यासारख्यांचा रस्ता.

दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत जायचं तर सीयूईटी ही परीक्षा आहे. २०२२ पासून पदवीचे प्रवेश तिच्या गुणांवर होतात, बारावीच्या टक्क्यांवर नाही. तिचे फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरून संपतात. आपण निकाल लागल्यावर चौकशी सुरू करतो, तोवर दार बंद झालेलं असतं. यंदा हुकलं असेल तर अकरावी-बारावीतल्या पोरांना आत्ताच सांगून ठेवा. हैदराबादचं इफ्लू हे तर इंग्रजी आणि परदेशी भाषांसाठीचंच केंद्रीय विद्यापीठ आहे, आणि आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. त्यांच्या प्रवेशाची पद्धत दरवर्षी त्यांच्या वेबसाईटवर बघूनच ठरवा, कॅफेवाल्याच्या सांगण्यावर नको.

बाहेर पाठवणं जमत नसेल तरी रस्ता आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या जवळच्या कॉलेजात बीए करा आणि सोबत इग्नूचा इंग्रजीतल्या सर्जनशील लेखनाचा डिप्लोमा दूरशिक्षणातून करा. एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला यूजीसीनं २०२२ पासून परवानगी दिलेली आहे. आपल्याकडच्या किती पोरांना हे कुणी सांगितलं? पुढं परदेशात लेखनाचं एमए करायचं म्हटलं तर तिथली विद्यापीठं मार्कांसोबत तुमच्या लेखनाचे नमुने मागतात. ते अर्जाच्या आदल्या रात्री तयार होत नसतात. लिहायची सवय आजपासून पाहिजे.

आता पोटाचं. हा प्रश्न विचारणाऱ्या बापाला मी नावं ठेवणार नाही. तीन एकर कोरडवाहू असलेल्या घरानं पोरीची तीन वर्षं पणाला लावायची म्हणजे खेळ नाही. कथा-कवितेवर घर चालत नाही, हे लेकरालाही स्पष्ट सांगा. पण इंग्रजी पक्कं असलेल्या पदवीधराला भाषांतर, शिक्षकी, पत्रकारिता, प्रकाशन, स्पर्धा परीक्षा असे रस्ते उघडे राहतात. आणि जे मायबाप मन नसलेल्या पोराच्या दुसऱ्या-तिसऱ्या नीटसाठी लाखांनी पैसे भरतात, त्यांनी तरी बीएला जुगार म्हणू नये. काही जण म्हणतात, आता एआय लिहून देतंय, लेखक कशाला? मानवतच्या बाजारात मापाला उभ्या राहिलेल्या बाईच्या मनात काय चाललंय, हे एआयला आधी कुणीतरी सांगावं लागेल ना!

मायबापाच्या पलीकडं दोन गोष्टी संस्थांनीही कराव्यात. पहिली, नवीन शैक्षणिक धोरणात कौशल्याचे पेपर आलेत, इंटर्नशिप आलीय. त्यात लेखन आणि भाषांतर का नको? पदवी-पीएचडीची अट न लावता त्या क्षेत्रातला जाणता माणूस शिकवायला बोलावता यावा म्हणून यूजीसीनं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची सोय केलेली आहे. आपल्या जिल्ह्यात लिहिणारी माणसं आहेत, त्यांना फक्त सत्काराला बोलावू नका, वर्गात बोलावा. दुसरी, प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयानं डिसेंबर-जानेवारीत एक दिवस फक्त प्रवेश परीक्षा आणि महाडीबीटीच्या शिष्यवृत्त्यांची माहिती द्यायला ठेवावा. कलाशाखेच्या पोरांसाठी! सायन्सवाल्यांसाठी क्लासवाले फिरतातच.

त्या शेतकऱ्याला मी एवढंच सांगितलं की पोरीला एक पान लिहायला सांगा आणि ते स्वतः वाचा. इंग्रजीत असेल तर तिच्याकडूनच मराठीत समजून घ्या. मग ठरवा.

तुमच्या ओळखीत असं लेकरू असेल तर ही पोस्ट त्याच्या आई-वडिलांपर्यंत पोचवा. कुणी या वाटेनं आधी गेलं असेल तर कमेंटमध्ये लिहा: कुठं शिकलात, खर्च किती आला, आज काय करता. तेवढ्या माहितीवर एखाद्या घरातला निर्णय बदलू शकतो.