वंश खुंटला, नातं नाही

सोलापुरात भैय्या चौकाजवळ डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. चीनमधून कुणी पाहुणे आले, की पेपरात त्यांचे हारतुऱ्यांचे फोटो येतात. २००६ साली हू जिंताओ आणि २०१४ साली शी जिनपिंग भारतात आले, तेव्हा दोघंही कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटले. दोन देशांचं जमेनासं झालं, की मात्र हेच नाव मागे पडतं. २०२० मध्ये गलवानला चकमक झाली, तेव्हा कुणाला आठवले कोटणीस?

मैत्रिणींनो, या नात्याची खरी वीण बायकांनी घातली आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. त्यातल्या कोटणीसांनी १९४१ मध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. तीन-चार महिन्यांतच, ९ डिसेंबरला, कोटणीस गेले. वय अवघं बत्तीस. यिनहुआही डॉक्टरकी शिकत असतानाच १९६७ मध्ये गेला.

आपल्याकडे अशा वेळी 'वंश बुडाला' म्हणून मोकळं होतात. पण ही चिनी सून सासरच्या माणसांना भेटायला अनेकदा भारतात आली. २०१२ मध्ये तिचं निधन होईपर्यंत तिनं हे नातं जपलं. इकडे नणंदांनीही ते तेवढ्याच मायेनं धरून ठेवलं.

जगभर हेच दिसतं. उत्तर ध्रुवाच्या मोहिमांवर गेलेल्या पिअरी आणि हेन्सन या अमेरिकनांना ग्रीनलंडच्या इनुइट स्त्रियांपासून १९०६ साली मुलगे झाले. बाप मायदेशी परतले. मुलं आईच्या माणसांत वाढली. ऐंशीच्या घरात पोचल्यावर, १९८७ मध्ये, त्यांना अमेरिका दाखवली गेली. बापांची नावं इतिहासात झळकली, त्या आयांची किती जणांना ठाऊक आहेत?

आपल्या घरातल्या वंशावळी तरी काय वेगळ्या? पणजोबा, आजोबा, वडील, मुलगा. लेकी गायब, सुनांचं नुसतं माहेरचं आडनाव. घरात कुणी जुनं माणूस असेल, तर वही-पेन घेऊन बसा. पणजीचं माहेरचं नाव विचारा, लांब दिलेल्या आत्याची मुलं कुठे आहेत ते लिहून घ्या. ते सांगणारं माणूस गेलं, की मग विचारायचं कुणाला?