पत्ता बदलला, फाइल बदलली का?

दिल्लीच्या लक्ष्मीनगरमधून सामानाचा टेम्पो निघाला आणि रस्ता मोकळा मिळाला, की अर्ध्या-पाऊण तासात तो नोएडाला पोहोचतो. तेवढ्यात घराचे राज्य बदललेले असते. टेम्पो गुरुग्रामकडे वळला तर हरियाणा, नोएडा-गाझियाबादकडे वळला तर उत्तर प्रदेश. एकेकाळी दिल्लीतली बरीचशी मराठी कुटुंबे करोलबाग, पहाडगंज अशा भागांत एकमेकांच्या जवळपास राहत. हल्ली पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी येणारी जोडपी ऑफिसच्या जवळ घर शोधतात. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. तो संपला, घरमालकाने भाडे वाढवले, की पुन्हा खोकी बांधायला सुरुवात.

सामान चार दिवसांत लागते. पत्ता मात्र मागेच राहतो. गॅसची नोंदणी, मुलांचे शाळाप्रवेश, बँकेचे खाते, पोलिसांकडे द्यायची भाडेकरूची माहिती, सगळीकडे आधार मागितले जाते आणि त्यावर छापलेला असतो दोन घरांपूर्वीचा पत्ता. मग झेरॉक्स काढायची, तिच्यावर सही करायची आणि नवा पत्ता शेजारी पेनाने लिहून द्यायचा, असा उद्योग बहुतेक घरांत चालतो.

या झेरॉक्सने काम भागते, पण तिच्यावर आधारचा पूर्ण बारा आकडी नंबर असतो आणि ती कोणाच्या टेबलावर, कोणाच्या कपाटात पडून राहते ते कधीच कळत नाही. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स कोणालाही देऊ नका, असे पत्रक काढले होते. देशभर एवढी खळबळ उडाली की दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतले. त्यातून गैरसमज होण्याची शक्यता आहे, असे कारण दिले गेले. घबराट नको हे ठीक; पण पत्रकातला सल्ला तसा शहाणपणाचाच होता. ज्यावर नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ते मास्क्ड आधार वापरा असेही त्यात सुचवले होते. ही सोय कितीतरी लोकांना त्या गोंधळामुळेच कळली!

याहून चांगली एक सोय २०१८ साली सुरू झाली, तिच्याबद्दल मात्र घरोघरी फारसे बोलले जात नाही. आधारच्या पोर्टलवरून स्वतःची माहिती एका एक्सएमएल फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. तिला ऑफलाइन ई-केवायसी म्हणतात.

ती का निघाली, हेही समजून घेण्यासारखे आहे. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना मिळाले. पुढच्या काही वर्षांत सिमकार्डापासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळे आधारला जोडा, असा तगादा सुरू झाला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाजगी कंपन्यांच्या या मागणीला चाप लावला. पण ग्राहकाची ओळख पटवण्याची गरज काही संपली नव्हती. २०१९ मध्ये आधार कायद्यात दुरुस्ती झाली आणि ऑफलाइन पडताळणीला कायद्यात जागा मिळाली. अशी पडताळणी करणाऱ्याने आधी संमती घ्यायची, माहिती कशासाठी हवी ते सांगायचे आणि आधारचा नंबर घ्यायचाही नाही, साठवायचाही नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

एक्सएमएल हे नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. १९९८ साली ठरलेली माहिती लिहून ठेवण्याची ही एक पद्धत आहे. स्वयंपाकघरातल्या फळीवर डबे असतात आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते, तसेच हे. नाव या चिठ्ठीच्या डब्यात नाव, पिनकोडच्या डब्यात पिनकोड. झेरॉक्स म्हणजे नुसते चित्र. त्यातला पत्ता कोणीतरी डोळ्यांनी वाचून पुन्हा टाइप करायचा, आणि तसे करताना ‘सेक्टर ६२’चे ‘सेक्टर २६’ व्हायचे. एक्सएमएलमध्ये संगणक थेट डबा उघडतो.

आधारच्या फाइलमध्ये नाव, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, फोटो आणि पत्ता असतो. पत्त्याचेही निरनिराळे डबे असतात. केअर ऑफ, घर क्रमांक, रस्ता, जवळची खूण, गाव किंवा शहर, पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य. फोटोच्या जागी अक्षरांची लांबच लांब रांग दिसते, तिला घाबरू नये. संगणक तिचाच चेहरा बनवतो. मोबाइल नंबर सरळ लिहिलेला नसतो, तो सांकेतिक रूपात असतो. तो उलटा वाचता येत नाही, पण ग्राहकाने सांगितलेला नंबर तोच आहे की नाही, हे ताडून पाहता येते. आधारचा पूर्ण नंबर या फाइलमध्ये नसतो, शेवटचे चार आकडे तेवढे असतात. आणि सगळ्यात शेवटी असते प्राधिकरणाची डिजिटल सही.

घोटाळा होतो तो या सहीपाशीच. फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते आणि आतला पत्ता स्वच्छ वाचता येतो. साहजिकच वाटते, जुना पत्ता खोडावा, नवा लिहावा, झाले! वेबसाइटची व्यवस्था सांभाळणारे लोक खरोखरच असे करतात. पोर्टलची मांडणी एक्सएमएलमध्ये बाहेर काढतात, हवे ते फेरफार करतात आणि फाइल परत आत चढवतात, की पोर्टल बदलते. प्राप्तिकराच्या विवरणपत्रालाही ही सवय होती. २०२०-२१ या कर आकारणी वर्षापर्यंत आधीच भरलेली एक्सएमएल उतरवायची, त्यात दुरुस्ती करायची आणि तयार झालेली फाइल पोर्टलला परत द्यायची, असा रिवाज होता. पुढच्या वर्षी एक्सएमएलची जागा जेसन नावाच्या दुसऱ्या पद्धतीने घेतली, पण ये-जा तशीच राहिली.

आधारची फाइल मात्र फक्त बाहेर येते, परत आत जात नाही. तिच्यावरची सही आतल्या अक्षरन् अक्षराला बांधलेली असते. लाखेने मोहोर लावलेल्या पाकिटासारखी. एक वेलांटी बदलली तरी बँकेचा संगणक सही जुळत नाही म्हणून फाइल बाजूला टाकतो. त्यासाठी त्याला दिल्लीला विचारावेही लागत नाही. प्राधिकरणाचे प्रमाणपत्र जवळ असले की सही जागच्या जागी तपासता येते. ऑफलाइन हे नाव त्यावरूनच पडले आणि आपण फाइल कुठे दिली हे प्राधिकरणाला कळत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. म्हणूनच नाक्यावरचा दुकानदार ‘शंभर रुपयांत पत्ता बदलून देतो’ म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नये. झेरॉक्सवर अशी कारागिरी एखाद वेळी खपून जाईल, फाइलमध्ये खपत नाही. आणि बनावट कागद वापरल्याचा ठपका येतो तो गिऱ्हाइकाच्याच माथी.

पत्ता बदलायचा तर तो मुळातच बदलायला हवा. आधारची माहिती ज्या केंद्रांत साठवलेली असते, त्यातले एक गुरुग्रामजवळच्या मानेसरलाच आहे. तिथल्या नोंदीत बदल झाला, की नवी फाइल उतरवायची. आधी उतरवलेली फाइल आपोआप बदलत नाही. ती ज्या दिवशी काढली त्या दिवसाचे चित्र दाखवत राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्हिडिओवरून खाते उघडताना तर ही फाइल तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. फोनमध्ये दोन वर्षे जपून ठेवलेली फाइल म्हणजे निव्वळ अडगळ.

पत्ता कितीही वेळा बदलता येतो. नाव मात्र आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून त्या बाबतीत घाई नको. पत्त्यासाठी नव्या घराचा पुरावा लागतो आणि नेमके इथेच घरातल्या बायकांचे अडते. भाडेकरार पतीच्या नावावर, विजेचे बिल घरमालकाच्या नावावर, गॅस सासऱ्यांच्या नावावर. तिच्या नावावर काय? जानेवारी २०२३ पासून यावर एक तोड निघाली आहे. कुटुंबप्रमुखाच्या आधारवरचा पत्ता घरातल्या दुसऱ्या माणसाला घेता येतो. दोघांची नावे व नाते दाखवणारा कागद, म्हणजे रेशनकार्ड किंवा विवाहाचा दाखला, जोडायचा. मग कुटुंबप्रमुखाला संदेश येतो आणि त्याने तीस दिवसांच्या आत पोर्टलवर जाऊन होकार द्यायचा. तो विसरला की अर्ज बाद. कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुषच असे काही नाही, अठरा वर्षांवरील कोणीही चालते. नोकरी करणाऱ्या लेकीच्या पत्त्यावर गावाहून आलेल्या आईचे आधार येऊ शकते.

बँकेपुरते पाहायचे तर थोडी सूटही आहे. नोव्हेंबर २०१९ च्या बदलानंतर आधारवर गावचा पत्ता असला आणि राहणे दुसरीकडे असले, तर सध्याचा पत्ता स्वतःच्या सहीने लिहून देता येतो. ज्यांना सातारचा किंवा अकोल्याचा कायमचा पत्ता सोडायचा नाही, त्यांनी काउंटरवर ही गोष्ट विचारून घ्यावी.

पत्त्याइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे मोबाइल नंबर. फाइल उतरवायला ओटीपी लागतो आणि तो आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. पुष्कळ घरांत पत्नी, सासूबाई, मुले अशा सगळ्यांच्या आधारला पतिराजांचाच नंबर असतो. तिने दुपारी बँकेचे काम काढावे आणि ओटीपी जावा मीटिंगमध्ये बसलेल्या नवऱ्याच्या खिशात! शिवाय तिने बँकेत स्वतःचा नंबर सांगितला, तर फाइलमधल्या सांकेतिक नंबराशी तो जुळत नाही, तो वेगळाच ताप. नवरा परदेशी असेल किंवा दुर्दैवाने तो राहिलाच नाही, आणि त्याचे सिम बंद झाले, तर साध्या कामासाठी आधी नंबर बदलण्याची खटपट करावी लागते. तेव्हा घरातल्या प्रत्येक कमावत्या-न कमावत्या स्त्रीच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्यावा. पत्ता एक वेळ मागे राहिला तरी चालेल.

फाइल उतरवताना चार आकड्यांचा शेअर कोड ठरवायला सांगतात. फाइल त्याच कुलपात बंद होऊन येते आणि ज्याला ती द्यायची त्याला हा कोडही सांगावा लागतो. हे कुलूप तसे लहानच, कारण चार आकड्यांच्या जोड्या होतात दहा हजार आणि संगणकाला त्या सगळ्या लावून पाहायला फार वेळ लागत नाही. त्यातून लग्नाचे किंवा जन्माचे साल टाकले तर संगणकाचीही गरज नाही. फाइल आणि कोड एकाच व्हॉट्सॲप संदेशात पाठवू नयेत. कोड फोनवर सांगावा.

ही फाइल सगळीकडे चालेल असेही नाही. घरमालकासमोर एक्सएमएलचे नाव काढले तर तो नुसता बघत राहील. त्याला मास्क्ड आधारची प्रत द्यावी. बँक, म्युच्युअल फंड अशा ठिकाणी मात्र फाइल चालते का, हे आधी विचारावे आणि चालत असेल तर झेरॉक्स देऊच नये. घरी संगणक नसेल आणि सायबर कॅफेत जाऊन फाइल काढली, तर काम झाल्यावर ती डाउनलोडच्या फोल्डरमधून आणि मग रिसायकल बिनमधूनही काढून टाकावी, पोर्टलवरून बाहेर पडावे आणि मगच पैसे द्यायला उठावे.