फेब्रुवारीत कुलूपबंद असणारी घरं

सोळा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेचा आराखडा ठरला आहे. घरयादीचं काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. या वेळी जातही नोंदली जाणार असल्यामुळे सगळी चर्चा त्या एका रकान्याभोवती फिरते आहे. मला मात्र महिन्याची काळजी वाटते. फेब्रुवारीत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम भरात असतो. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टी या तालुक्यांतली कित्येक घरं तेव्हा कुलूपबंद असतात. उघडी असली तर दारात एखादी म्हातारी आणि दोन-तीन नातवंडं. घरातली कर्ती माणसं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या फडात ऊस तोडत असतात, नाहीतर सीमेपलीकडे बेळगावच्या बाजूला.

२०११ ची मोजणीही ९ ते २८ फेब्रुवारी याच दिवसांत झाली होती. महाराष्ट्रात ऊसतोड कामगार नेमके किती, असं विचारलं तर आजही कोणी दहा लाख सांगतं, कोणी पंधरा लाख. पाच लाख माणसांचा फरक आपण इतकी वर्षं खपवून घेतला आहे.

मी मराठवाड्यातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवते. कुटुंबांची पाहणी हा आमच्या अभ्यासक्रमाचा गाभा. विद्यार्थी प्रश्नावली घेऊन वस्तीवर जातात आणि पहिल्याच पानावर अडतात. कुटुंब म्हणजे एका छपराखाली राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं, अशी व्याख्या जनगणनेपासून नमुना पाहणीपर्यंत सगळीकडे चालते. ऊसतोड कामगाराच्या घरी हंगामात दोन चुली पेटतात. एक गावाकडे, सासूच्या हाताखालची, तिच्यावर शाळेत जाणारी मुलं जेवतात. दुसरी फडाजवळच्या कोपीपुढे, तीन दगडांची, तिच्यावर नवरा-बायको आणि अंगावरचं लेकरू. पैसा एक, कर्ज एक, चिंता एक, आणि कागदावर मात्र हे घर तुटलेलं, नाहीतर अर्धं गायब.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीने २००७-०८ मध्ये अल्पमुदतीचं स्थलांतर मोजलं. त्यातली अट अशी होती की माणूस रोजगारासाठी वर्षभरात एक महिना किंवा त्याहून जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलेला असावा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघालेली टोळी पाऊसपाणी कमी असेल त्या वर्षी मार्चमध्ये परतते. ऊस जास्त असला तर एप्रिल उजाडतो, कधी मेसुद्धा. म्हणजे तेच जोडपं एका वर्षी व्याख्येत बसतं आणि दुसऱ्या वर्षी बाहेर पडतं. त्यांच्या जगण्यात काहीही बदललेलं नसतं, शेतात ऊस तेवढा जास्त उभा असतो.

हे झालं घराचं. घरातल्या बाईचं त्याहून वाईट. मे-जूनमध्ये, माणसं गावी असताना पाहणी केली, तर प्रश्नावलीची उत्तरं बहुतेक वेळा पुरुष देतो. बायको काय करते, या प्रश्नावर उत्तर येतं, ‘ती घरीच असते.’ विद्यार्थी तेवढंच लिहून पुढच्या रकान्याकडे वळतात. एका विद्यार्थिनीने मात्र पेन थांबवून शेजारी बसलेल्या बाईंचे हात बघितले. तळव्यावर कोयत्याच्या मुठीचे घट्टे, मनगटापासून कोपरापर्यंत पाचटाने ओरखडलेली कातडी. ‘मावशी, तुम्ही ऊस तोडता ना?’ असं तिने सरळ विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, ‘न तोडून कसं चालंल? मालक तोडतेत, मी तोडती, मोळ्या बांधती, गाडी भरती. पर त्ये हंगामापुरतं. आता घरीच हाय न्हवं.’ जनगणनेच्या हिशेबात वर्षातले सहा महिने भरले नाहीत तर माणूस मुख्य कामगार धरला जात नाही, सीमांत कामगार होतो. या बाई तर तिथेही पोचल्या नसत्या. नवऱ्याच्या उत्तराने त्या गृहिणी झाल्या असत्या.

यात नवऱ्याला दोष देऊन भागत नाही, कारण सगळा व्यवहारच जोडीवर चालतो. मुकादम आगाऊ उचल देतो ती कोयत्यामागे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही टनामागेच. त्यातले किती टन बाईच्या हातून तोडले गेले याची नोंद कुठल्याच पावतीवर होत नाही. पैसे हातात येतात ते पुरुषाच्या.

कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यात टोळ्यांच्या एका तळावर मी संध्याकाळी गेले होते. पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या, मधल्या वाटेवर सांडपाण्याचा चिखल, बैल एका बाजूला. बायका नुकत्याच फडातून आल्या होत्या. वाढ्याच्या पेंढ्या रस्त्याकडेला विकायला मांडून एकजण भाकरी थापत होती. नवरा शेजारीच होता, तोवर तिने पाणी, रेशन, मुलांची शाळा इतकंच सांगितलं. तो ट्रॅक्टर आल्याचं ऐकून उठून गेला आणि ती आवाज खाली घेऊन म्हणाली, ‘ताई, माझी पिशवी काढलीय. दोन पोरं झाल्यावर. अंगावरून पांढरं जात हुतं, डॉक्टर म्हनला, ठिवली तर कॅन्सर हुईल.’ वय विचारलं तर म्हणाली, तिशीला अजून अवकाश आहे. पाळीच्या दिवसांत काय करायचीस? ‘काय करनार? खाडा केला तर पैसं कापत्यात. उचल कवा फिटायची?’ तेवढ्यात गाडी भरायची हाक आली. तवा उतरवून ती गेली. रात्री किती वाजता परत आली असेल कोण जाणे.

‘पिशवी काढणं’, म्हणजे गर्भाशय काढणं, हा शब्दप्रयोग बीडमध्ये घरोघरी आहे, आणि तरीही राज्याला तो २०१९ पर्यंत ऐकू आला नव्हता. त्या वर्षी बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटासाठी देशाचा आकडा ३ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी, त्यामुळे तुलना जपून करावी. पण एवढं मोठं अंतर पद्धतीच्या फरकाने भरून निघणारं नाही. देशाच्या, राज्याच्या सरासरीत या बायका विरघळून गेल्या होत्या. कुणीतरी फक्त त्यांनाच गाठून विचारलं, तेव्हा त्या दिसल्या. आणि दिसल्यावर लगेच हालचाल झाली: अशी शस्त्रक्रिया करण्याआधी खासगी रुग्णालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम बीडमध्ये लागू झाला. नीट मोजल्याने काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

त्या आकड्याचा अर्थ लावताना मात्र घाई झाली. मुकादम सक्ती करतात म्हणून बायका पिशवी काढतात, असं एका ओळीचं उत्तर सगळीकडे फिरलं. तळावरच्या बायकांशी बोललं की गुंता कळतो. मुलीचं लग्न सोळा-सतराव्या वर्षी होतं. बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण २०१९-२० च्या पाहणीत ४० टक्क्यांच्या वर होतं. कोयता जोडीचा लागतो, शिवाय वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची हा धाक, म्हणून लग्नं लवकर होतात. मग लवकर बाळंतपणं, नसबंदी. फडात ना आडोसा ना पाणी, त्यामुळे जंतुसंसर्ग वर्षानुवर्षं अंगावर काढलेला. खाड्याची भीती. आणि शेवटी कॅन्सरचा धाक घालणारा डॉक्टर. यातला एकच धागा ओढून बातमी होते, उपाय होत नाही. मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं वेळेवर, दिवाळीच्या आधी सुरू झाली तर मुलींची लग्नं किती मागे जातात, हे कुणीतरी चार-पाच वर्षं सलग पाहायला हवं. एकदा प्रश्नावली भरून ते कळणार नाही.

असं चिकाटीने पाहण्याचं एक उदाहरण आहे. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या फडांवर गेले. तिथे ऊस तोडायला आपल्या खानदेशातली माणसं जात होती. साखर सहकाराची यशोगाथा सगळे सांगत असताना त्या यशाच्या तळाशी कोण राबतं, ते त्यांनी तळावर जाऊन पाहिलं आणि लिहिलं. पुढेही ते याच माणसांकडे पुन्हा पुन्हा वळले. खानदेशच्या मजुरांवरचं मूलभूत काम नेदरलँड्सच्या माणसाने करावं याचं मला वाईट वाटत नाही. आपल्या विद्यापीठांनी ती वाट पुढे चालू ठेवली नाही, याचं वाटतं.

आता पुन्हा जनगणनेकडे. कोपीत राहणाऱ्यांनाही मोजायचंच, अशी तरतूद आहे. गणकाने आपल्या गटात नव्याने आलेली कुटुंबं भरून घ्यायची असतात. अडचण वेगळी आहे. गटाचा नजरी नकाशा घरयादीच्या वेळी, म्हणजे उन्हाळ्या-पावसाळ्यात काढला जातो. तेव्हा शिरोळच्या त्या माळावर एकही कोपी नसते. फेब्रुवारीत गणक नकाशा घेऊन निघतो तेव्हा तळ त्याच्या कागदावर नसतो. तो गेलाच तर सकाळी अकराला जातो, आणि टोळी पहाटे चारलाच फडात गेलेली असते. डोकी सेंटरच्या, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या, टोळ्या तर एका गावात पंधरा-वीस दिवसांहून जास्त थांबतही नाहीत. इकडे धारूरच्या घराला कुलूप, म्हणून तिथेही नोंद नाही. मोबाइलवर स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय या वेळी आहे, पण ती तळावरच्या बाईच्या कामाची नाही. तिचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो.

हे टाळणं अवघड नाही. कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत, असं कारखाने सांगतात. पण कुठली टोळी कोणत्या गावात आहे, तिने काल किती टन भरले, हे प्रत्येक कारखान्याच्या शेती विभागाला वजनाच्या पावतीवरून रोजच्या रोज माहीत असतं. साखर आयुक्तालयाने ती यादी जानेवारीअखेर जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावी. तळांसाठी वेगळे गणक नेमावेत, त्यात बायका असाव्यात, आणि त्यांनी संध्याकाळनंतर जावं. बाईचं काम काय, हे बाईलाच विचारावं. मूळ गाव आणि तालुका न चुकता लिहावा, नाहीतर बीडची माणसं कोल्हापूरच्या खात्यात जमा होतील आणि बीडच्या शाळांचा, दवाखान्यांचा हिशेब आणखी दहा वर्षं चुकेल.

आमच्यासारख्या संशोधकांनीही एक करावं. निष्कर्ष पुण्या-मुंबईच्या परिषदेत वाचण्याआधी जूनमध्ये, पेरणीच्या सुमाराला, त्या गावांत जाऊन वाचावेत. उचल घेण्याची बोलणी त्यानंतर सुरू होतात. खाड्याचा दर काय असावा, तळावर पाणी-संडास मागावा का, हे ठरवायची ती एकच वेळ बायकांच्या हाताशी असते.

आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती. फेब्रुवारी २०२७ मध्ये तुमच्या शिवारात ऊस तोडायला टोळी उतरलेली असेल. गणक तुमच्या घरी येईल तेव्हा त्याला विचारा, ‘तळावर जाऊन आलात का?’ नसेल गेला तर त्याला वाट दाखवा, आणि तरीही नाही गेला तर तहसीलदारांना कळवा. मोजणीची जबाबदारी त्यांची आहे.