अवजड वाहनबंदीच्या अंमलबजावणीत कंत्राटदारास दंडाचा अधिकार देऊ नये : निवेदन

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
बृहन्चेन्नई पोलीस, वेपेरी, चेन्नई.

महोदय,

अण्णा नगर, शांती कॉलनी आणि तिरुमंगलम भागात राहणारी आम्ही मराठी कुटुंबे हे निवेदन तमिळ प्रतीसह आपणास सादर करीत आहोत.

शाळेच्या वेळेतील अवजड वाहनबंदी कसोशीने पाळली जावी, ही आमची पहिली मागणी आहे. जून २०२५ मध्ये पेरंबूरला आईच्या स्कूटरवरून शाळेत निघालेली दहा वर्षांची मुलगी पाण्याच्या लॉरीखाली सापडून दगावली. बंदीच्या वेळेत ती लॉरी रस्त्यावर आलीच कशी, याचा जाब वाहतूक पोलिसांना द्यावा लागला आणि निलंबनाची कारवाई झाली. हा जाब विचारता येतो, म्हणूनच अंमलबजावणी पोलिसांच्याच हाती राहावी असे आम्हाला वाटते. कंत्राटदाराच्या माणसाला निलंबित कोण करणार?

पोलिसांचे मनुष्यबळ अपुरे पडते, हे आम्ही जाणतो. कॅमेरे बसवणे, त्यांची देखभाल, नोंदी साठवणे ही कामे कंत्राटाने द्यायला आमची हरकत नाही. अण्णा नगरच्या चौकांत २०२१ मध्ये नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे खासगी कंपनीच्या निधीतूनच बसले, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६-अ चा अशा देखरेखीला आधार आहे. मात्र चलन निघण्यापूर्वी प्रत्येक छायाचित्र पोलीस अधिकाऱ्याने स्वतः पाहावे आणि चलनावर त्याचेच नाव असावे. रस्त्यात लॉरी अडवणे, कागदपत्रे मागणे, पैसे घेणे यांपैकी कशातही कंत्राटी कर्मचारी नसावा.

कंत्राटदाराला दंडाच्या रकमेत वाटा किंवा चलनांच्या संख्येवर मोबदला तर मुळीच देऊ नये. मुंबईत महापालिकेने अस्वच्छता करणाऱ्यांना दंड करण्यासाठी खासगी कंपन्यांमार्फत क्लीनअप मार्शल नेमले तेव्हा दंडात त्या कंपन्यांचाही वाटा होता. लोकांकडून पैसे उकळल्याच्या तक्रारी वाढत गेल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. चलनावर कमाई ठरली की लॉऱ्या बंदीच्या वेळेत आत येण्यातच कंपनीचा फायदा असतो. आम्हाला तर त्या आत यायलाच नको आहेत. केरळने २०२३ मध्ये केल्ट्रॉन या सरकारी कंपनीमार्फत वाहतूक नियमभंग टिपणारे ७२६ कॅमेरे सुरू केले. तिथे पोटकंत्राटांवरून झालेला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून आपल्याकडे असा करार झाल्यास तो जनतेसाठी खुला ठेवावा आणि पोटकंत्राटाला त्यात मनाई असावी.

लॉरीचालकांचीही बाजू आम्ही मांडू इच्छितो. १९९६ मध्ये घाऊक बाजार कोत्तवाल चावडीतून कोयंबेडूला आला, आणि आज नाशिकचा कांदाही तिथेच उतरतो. हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून आलेल्या चालकाला बहुधा तमिळ वाचता येत नाही. बंदी मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो. चलन मालकाच्या नावे येते, पण पैसे पुष्कळदा चालकाच्या पगारातून कापले जातात. तेव्हा इनर रिंग रोडवर पाडी आणि कोयंबेडू या दोन्ही बाजूंनी, लॉरी वळवून थांबवता येईल इतक्या आधी, चित्र आणि आकड्यांतील वेळ दाखवणारे मोठे फलक लावावेत. बंदी उठेपर्यंत थांबायला जागा आणि स्वच्छतागृह असावे. जागा नसेल तर लॉऱ्या आमच्याच गल्ल्यांत उभ्या राहतील, जशा आजही राहतात.

पाण्याचे टँकर आणि मेट्रोच्या कामाची काँक्रीटवाहू वाहने यांना सूट द्यावी लागत असेल तर ती वाहनक्रमांक, मार्ग आणि वेळ नमूद करून द्यावी व रोजच्या रोज संकेतस्थळावर जाहीर करावी. चुकीच्या चलनावरील तक्रार कंत्राटदाराकडे न जाता त्याच्याशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्यापुढे यावी आणि निर्णय होईपर्यंत वसुली थांबावी.

या मागण्यांवर चर्चेसाठी आपण रहिवासी, कोयंबेडूचे व्यापारी आणि लॉरीचालक यांची एकत्र बैठक बोलवावी आणि कोणतीही निविदा काढण्यापूर्वी तिचा मसुदा आम्हाला पाहू द्यावा, ही विनंती.

आपले,
अण्णा नगर परिसरातील मराठी रहिवासी

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, बृहन्चेन्नई महानगरपालिका