कोहॅनचा पुतळा आणि न लिहिलेला करार

न्यूयॉर्कला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या फोटोंमध्ये टाइम्स स्क्वेअरच्या त्या लाल पायऱ्या असतातच. ऑनसाइट गेलेल्या मंडळींच्या तर हमखास. पायऱ्यांसमोरच्या छोट्याशा चौकात पुतळे दोनच. एक फादर डफीचा, ज्याचं नाव चौकाला आहे. दुसरा हातात हॅट आणि काठी घेतलेल्या एका माणसाचा. हा दुसरा फोटोत बहुतेक वेळा अर्धा कापला जातो. तो जॉर्ज एम. कोहॅन. ब्रॉडवेचा पहिला मोठा गाणारा-नाचणारा हीरो. पुतळा १९५९ साली बसवला.

कोहॅनबद्दल जे काही वाचायला मिळतं ते साधारण एकाच साच्यातलं असतं. देशभक्तीची गाणी लिहिली, अमेरिकन म्युझिकलचा पाया घातला, ब्रॉडवेवर जिवापाड प्रेम केलं. मग कुठेतरी खाली एक ओळ येते, '१९१९ च्या नटांच्या संपाला त्याचा विरोध होता'. पुढच्या ओळीपासून पुन्हा गाणी सुरू.

माझं म्हणणं असं की ती एक ओळ तळटीप नाहीच. कोहॅनचा वारसा समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करायला हवी. आणि ऑफिसात 'वुई आर अ फॅमिली' ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर नक्कीच.

आधी त्याचं श्रेय त्याला देऊ. हातचं राखून नको.

कोहॅन जन्मला १८७८ साली, प्रॉव्हिडन्समध्ये, आयरिश कुटुंबात. बाप्तिस्म्याच्या कागदावर तारीख ३ जुलै, पण घरचे आणि तो स्वतः आयुष्यभर ४ जुलैच सांगत राहिले. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन! याला म्हणतात ब्रँडिंग. आई, वडील, बहीण जोसी आणि जॉर्ज असे चौघं 'द फोर कोहॅन्स' या नावाने वॉड्व्हिल करत, म्हणजे गावोगाव फिरून नाच, गाणी, विनोद यांचे कार्यक्रम. शेवटी जॉर्ज पुढे येऊन आई, वडील, बहीण आणि स्वतः अशा चौघांच्या वतीने प्रेक्षकांचे आभार मानायचा. ते आभारच इतके गाजले की लोक त्याची वाट बघायचे. हे आभार लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

१९०४ मध्ये 'लिटल जॉनी जोन्स' आलं. लेखन, गीतं, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं कोहॅनचं. तेव्हा संगीत रंगभूमीवर युरोपियन ऑपेरेटाचा दबदबा होता. राजपुत्र, राजवाडे, जड गाणी. कोहॅनने हीरो केला एक अमेरिकन जॉकी, जो डर्बी खेळायला इंग्लंडला जातो. भाषा रस्त्यावरची, वेग रेल्वेसारखा. 'गिव्ह माय रिगार्ड्स टु ब्रॉडवे' आणि 'द यँकी डूडल बॉय' ही दोन्ही गाणी याच नाटकातली. पहिल्या खेपेला प्रयोग झाले फक्त ५२. पुढे दौऱ्यांनी आणि गाण्यांनी ते अजरामर केलं. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा त्याने 'ओव्हर देअर' लिहिलं आणि देशभर ते गाजलं. १९३६ मध्ये काँग्रेसने त्याला सुवर्णपदक मंजूर केलं.

(एक कंस इथे हवाच. 'अमेरिकन म्युझिकलचा जनक' वगैरे म्हणताना लोक विसरतात की कोहॅनच्या एक वर्ष आधी, १९०३ मध्ये, बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर या कृष्णवर्णीय जोडीचं 'इन डाहोमी' ब्रॉडवेवर येऊन गेलं होतं. प्रयोग ५३, म्हणजे जॉनी जोन्सपेक्षा एक जास्तच! त्यांचा पुतळा त्या चौकात नाही. असो.)

आता १९१९.

त्या काळात ब्रॉडवेवर नट असणं म्हणजे काय होतं ते आधी पाहू. तालमीचे पैसे नाहीत. तालीम सहा आठवडे चालो, आठ चालो, नाहीतर दहा. मग नाटक उघडणार आणि आठवड्यात पडलं तर पगार त्या आठवड्याचाच. कोरसमधल्या मुलींनी बुटांचे, कपड्यांचे पैसे बऱ्याचदा स्वतःच भरायचे. ख्रिसमसच्या आणि ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात काम पूर्ण, पगार अर्धा, कारण तेव्हा प्रेक्षक कमी येतात. म्हणजे धंद्यातली जोखीम निर्मात्याची, पण तोटा नटाचा. दौऱ्यावर नाटक कोसळलं तर परतीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं.

१९१३ मध्ये नटांनी 'ॲक्टर्स इक्विटी असोसिएशन' काढली. मागणी साधी, सगळ्यांना लागू होणारा एक लेखी करार. सहा वर्षं बोलणी, टोलवाटोलवी. शेवटी ७ ऑगस्ट १९१९ ला संप सुरू झाला. ३० दिवस चालला, ८ शहरांत पसरला, ३७ नाटकं बंद पडली. ज्यांना स्वतःसाठी संपाची गरजच नव्हती अशी माणसं रस्त्यावर उतरली. एथेल बॅरीमोर, लायोनेल बॅरीमोर, एड विन. मारी ड्रेसलर ही तेव्हाची बडी स्टार कोरसवाल्यांच्या संघटनेची अध्यक्ष झाली.

आणि कोहॅन? तो समोरच्या बाजूला. सॅम हॅरिसबरोबर तो निर्माताही होता. त्याच्या कंपनीच्या 'द रॉयल व्हॅगाबाँड'मधले नट संपावर गेले तेव्हा प्रयोग चालू ठेवायला तो स्वतः मेकअप करून स्टेजवर उभा राहिला. इक्विटीला शह म्हणून 'ॲक्टर्स फिडेलिटी लीग' निघाली, तिचा तो सर्वांत मोठा चेहरा. फिडेलिटी म्हणजे निष्ठा. संपकऱ्यांनी त्या लोकांना 'फायडोज' म्हणायला सुरुवात केली. फायडो हे तिकडे कुत्र्याचं नाव, आपल्याकडच्या मोत्यासारखं. पण वादक आणि पडद्यामागचे कामगार संपात आले आणि निर्मात्यांना सही करावी लागली. आठवड्याला आठ प्रयोग, जास्तीच्या प्रयोगाला जास्तीचे पैसे, बिनपगारी तालमीला मर्यादा.

कोहॅन हरला. १९२० मध्ये हॅरिसबरोबरची भागीदारी संपली. इक्विटीचा सभासद तो मरेपर्यंत झाला नाही.

इथे त्याचे चाहते तीन मुद्दे मांडतात. तिन्ही नीट ऐकण्यासारखे आहेत, म्हणून एकेक घेतो.

पहिला: कोहॅन स्वतः चांगला मालक होता. हे खरंच आहे! तो हात सैल सोडून पैसे द्यायचा, अडल्यानडल्या नटांना मदत करायचा. पण नेमकी हीच तर अडचण आहे. नियम चांगल्या मालकासाठी लिहायचे नसतातच, ते बाकीच्यांसाठी असतात. चांगला मालक जेव्हा 'माझ्याकडे तर कोणाची तक्रार नाही' म्हणून नियमालाच विरोध करतो, तेव्हा त्याच्या पाठीमागे सगळे वाईट मालक रांगेत लपून उभे राहतात. क्रूर मालकाच्या तोंडून संपाला विरोध आला तर कोण ऐकणार? कोहॅनच्या तोंडून आला म्हणून त्याला वजन आलं. आणि मदत ही मदतच असते. ती देणाऱ्याच्या मूडवर चालते, मागणाऱ्याला दार वाजवावं लागतं. करार असला की दार वाजवावं लागत नाही.

दुसरा: तो स्वतः नट होता, खालून वर आला होता. बरोबर. पण खालून वर आलेल्या माणसाला एक सवय लागते, 'मी सोसलं, तुम्हीही सोसा'. शिवाय माझा एक अंदाज आहे, पटतो का बघा. ते आभार आठवा. आई, वडील, बहीण आणि मी. कोहॅनची पहिली नाटक कंपनी हे त्याचं अक्षरशः कुटुंब होतं. तिथे करार कोण करणार? आईने मुलाकडे जादा प्रयोगाचे पैसे मागायचे? त्यामुळे 'कंपनी म्हणजे कुटुंब' हे त्याच्यासाठी एचआरचं वाक्य नव्हतं, भोगलेलं सत्य होतं. म्हणून संप त्याला वाटाघाटी न वाटता घरच्या माणसाने केलेला दगा वाटला असावा. समजू शकतो. पण कोरसमधली अठरा वर्षांची पोरगी त्याची बहीण नव्हती. नाटक पडल्यावर ती कोहॅनच्या घरी जेवायला जाणार नव्हती, तिला खोलीचं भाडं भरायचं होतं. कुटुंबाची भाषा वापरायची आणि कुटुंबाची जबाबदारी फक्त मनात येईल तेव्हा घ्यायची, हा सौदा एकतर्फी आहे. वापरणारा प्रामाणिक असला तरी.

तिसरा: कलावंताचं मूल्यमापन कलेवर करा, राजकारण मध्ये आणू नका. हा मुद्दा मला सगळ्यात लटका वाटतो. कोहॅनने आयुष्यभर झेंडा विकला. 'जॉर्ज वॉशिंग्टन, ज्युनियर' या १९०६ च्या नाटकात तर तो झेंड्याचं गाणं गातच नाचला. ज्याची कलाच राजकारणात न्हालेली आहे, त्याच्या बाबतीत सोयीचं तेवढं राजकारण कला म्हणून धरायचं आणि गैरसोयीचं वगळायचं, हे कसं चालेल?

आणि वगळलं तर आहेच. १९४२ चा 'यँकी डूडल डँडी' बघा. जेम्स कॅग्नी कोहॅन झालाय, जबरदस्त काम आहे, ऑस्कर मिळालं. आजही कोहॅन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॅग्नीच येतो. या सिनेमात १९१९ चा संप नाही. खऱ्या दोन बायकांच्या जागी एक काल्पनिक मेरी आहे, पण ते चालतं एकवेळ. गंमत पुढे आहे. ज्या कॅग्नीने कोहॅनला अमर केलं तो स्वतः युनियनवाला. हॉलिवूडच्या स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचा तो त्याच १९४२ साली अध्यक्ष झाला! नटांच्या युनियनचा नेता पडद्यावर युनियनविरोधी नट होतो आणि पटकथेत युनियन हा शब्दच नको. स्क्रिप्टरायटरला सुचलं नसतं असं.

कोहॅनचा आणखी एक वारसा मात्र पुतळ्यावर कोणी कोरत नाही. अमेरिकेच्या टॅक्सच्या कायद्यात 'कोहॅन रूल' म्हणून एक नियम आहे, याच कोहॅनच्या नावाचा. प्रवास, टिप्स, पार्ट्या यांवर त्याने १९२१ च्या सुरुवातीपासून १९२३ च्या मध्यापर्यंत मिळून ५५,००० डॉलर खर्च केल्याचं सांगितलं. पावत्या शून्य. टॅक्सवाल्यांनी सगळी वजावट नाकारली. १९३० मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांच्या कोर्टाने निकाल दिला की खर्च झाला हे पटण्यासारखं असेल तर पावती नाही म्हणून शून्य धरणं बरोबर नाही, काहीतरी अंदाज बांधा. प्रवास आणि पार्ट्यांच्या खर्चाला ही सूट १९६२ च्या कायद्याने बंद केली, पण इतर खर्चांसाठी या नियमाचा आधार अजूनही घेतला जातो.

रीइम्बर्समेंटसाठी रिक्षाची पावती स्कॅन करणाऱ्या आपल्यासारख्यांना कोहॅन इथे एकदम आपला वाटेल. मलाही वाटला. पण दोन गोष्टी शेजारी ठेवा. हा माणूस आयुष्य तोंडी विश्वासावर जगला. पावती नाही, करार नाही, शब्द दिला की झालं. त्याचं हे बिनपावतीचं जगणं अडचणीत आलं तेव्हा त्याला वाचवलं कोणी? कोर्टाने, कायद्याने, एका लेखी निकालाने. हेच लेखी संरक्षण कोरसमधल्या पोरीने मागितलं तेव्हा मात्र त्यात त्याला निष्ठेचा अभाव दिसला.

आता कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीच्या नटांचं आपल्याला काय? आपण हुशार, आपली स्किल्स आपल्याला तारतील, युनियन-बिनियन गिरणीवाल्यांसाठी. ठीक. मग एक करून बघा. रिलीजच्या आदल्या वीकेंडला मॅनेजर 'टीमसाठी एवढं करशील ना' म्हणतो, तेव्हा बदली सुट्टी मेलवर मागा. चेहरा कसा होतो बघा. आणि तो मॅनेजर खरोखर चांगला माणूस असेल, तर मागताना तुम्हालाच अपराधी वाटेल. ते अपराधीपण १९१९ च्या ब्रॉडवेवर होतं तेच आहे. बॅरीमोर भावंडांना स्वतःसाठी काही नको होतं, तरी ती उभी राहिली. हुशार माणसाने संघटनेत का जावं याचं उत्तर मला तिथे मिळतं. ज्याला बोलल्याने फारसं काही गमवावं लागत नाही, त्यानेच आधी बोलायचं असतं.

मी पुतळा पाडा म्हणणाऱ्यातला नाही. गाणी उत्तम आहेत, माणूस अफाट होता, राहू दे त्याला हॅट-काठी घेऊन. पण त्याच्या आसपासच्या थिएटरांत आज रात्री जे नट स्टेजवर जातील ते इक्विटीच्या करारावर जातील. ती संघटना आज ५० हजारांहून मोठी आहे. ब्रॉडवेला कोहॅनने वेग दिला, भाषा दिली, हे मान्य. पण तिथे म्हातारं होईपर्यंत काम करता येण्याची शक्यता ज्यांनी दिली त्यांनी ती कोहॅनला हरवून मिळवली. तेव्हा चौथऱ्यावर गाण्याच्या नावाखाली एक ओळ वाढवा, '१९१९ मध्ये हा नटांच्या विरोधात उभा राहिला आणि नट जिंकले'.

जागा आहे तिथे. आणि पुढच्या वेळी फोटो काढताना त्याला अर्धा कापू नका.