आईबापांनी बाकावरून उठावे

मुलांबरोबर आईबापांनीही कराटे शिकावे, असे मी हैदराबादच्या एका मराठी मेळाव्यात म्हणाले, आणि एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला तिथल्या तिथे झोडपून काढले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कराटे म्हणजे मारामारी, मुले दांडगी होतात. विद्या परकी. अभ्यासाचे तास वाया. बेल्ट म्हणजे दर तीन महिन्यांनी पैसे काढायचा धंदा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, चाळिशीतल्या माणसांनी पोरांच्या रांगेत उभे राहून हातपाय झाडायचे, त्यांच्यादेखत चुकायचे, पडायचे. मग घरात धाक तो काय राहणार? टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला झोंबल्या, म्हणून हे लिहिते आहे.

परकेपणाचे आधी उरकू. मल्लखांब तर आपला ना? दुसऱ्या बाजीरावाच्या काळी निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे मल्ल पुण्यात आव्हान घेऊन गेले आणि त्यांना तोंड देण्याच्या तयारीतून बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या उभी केली, अशी परंपरा सांगते. आपल्या इतक्या अस्सल विद्येच्या जन्मकथेतही इथले पैलवान आहेत. अभ्यासाबद्दल एवढेच: सहावीपासून आयआयटी फाउंडेशनच्या वर्गात कोंबलेल्या मुलाचा रँक आठवड्याच्या तीन तासांनी जात नाही, पाठ मात्र तितक्याने सरळ राहते.

मारामारीच्या आक्षेपात तथ्याचा अंश आहे, आणि तोच नेमका गृहस्थांना ठाऊक नव्हता. ट्रल्सन या अमेरिकन संशोधकाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. गुन्हेगारीकडे झुकलेली १३ ते १७ वर्षांची मुले त्याने तीन गटांत घेतली. एका गटाला पारंपरिक तायक्वांदो शिकवले, म्हणजे नमस्कार, ध्यान, संयम यांसकट. दुसऱ्याला नुसती झुंज. तिसऱ्याला धावणे आणि चेंडूचे खेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा आक्रमकपणा उतरला, दुसऱ्याचा चढला. प्रश्न कराटेचा नाही, शिकवणाऱ्याचा आहे. आणि शिकवणारा काय शिकवतो हे कोणी बघायचे? बाहेर बाकावर मोबाइल घेऊन बसलेल्या बापाने? बेल्टचा धंदाही तिथेच फोफावतो. फी भरली की बेल्ट मिळाला, हे बाकावरून कळत नाही. स्वतः काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करणाऱ्या आईला ते बेल्टच्या पहिल्याच परीक्षेला कळते. वर्गात चार पालक घाम गाळत असले की कुठल्या मुलाला कोण कसा हात लावतो, कोण कसा ओरडतो, हेही दिसते.

आता धाक. हा शब्द ऐकला की माझे रक्त तापते, कारण मी तो ऐकतच मोठी झाले. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीच्या गणपतीत बायकांनी लेझीम धरायची की नाही यावर असाच वाद झाला होता. तेव्हाही अशाच एका गृहस्थांनी विचारले होते, की आई रस्त्यावर नाचली तर मुले तिला मानतील का? बायकांनी लेझीम खेळली. मुलांनी आयांना मानायचे थांबवले नाही; पुढच्या वर्षी त्याच मुलांनी ढोल धरला. वाद तिथे संपायला हवा होता, पण या मंडळींचा वाद संपत नसतो, नुसता विषय बदलतो.

आपल्या तालमीत वस्ताद स्वतः मातीत उतरतो, पोराला अंगावर घेतो, त्याच्याखाली जातो, डाव सुटायचा कसा ते दाखवतो. त्याचा धाक कमी होतो? खाशाबा जाधवांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. गोळेश्वरला पोराला पाचव्या वर्षापासून कुस्तीचे धडे त्यांनीच दिले. त्या पोराने १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवले. लांब कशाला, निजामाबादची निखत झरीन घ्या. तिला बॉक्सिंगची वाट दाखवली ती तिच्या वडिलांनी, सुरुवातीचे धडेही त्यांचेच. मुलीला असल्या खेळात का घालता, असे म्हणणारे तिथेही निघालेच. २०२२ आणि २०२३, लागोपाठ दोनदा ती जगज्जेती झाली.

पण पदकांचा आधार मला नको आहे, कारण माझी मुलगी जगज्जेती होणार नाही. ती ऑरेंज बेल्ट आहे, मी व्हाइट. म्हणून रांगेत ती पुढे, मी मागे. सुरुवातीला मी मूठ वळताना अंगठा बोटांच्या आत घ्यायचे. एकदा सरांनी तिला माझ्याकडे पाठवले. तिने माझी मूठ उलगडली, बोटे एकेक करून पुन्हा मिटली, अंगठा बाहेरून पहिल्या दोन बोटांवर दाबून बसवला आणि म्हणाली, "असा आत ठेवून मारलंस ना आई, तर मोडेल तो." मग वाकून नमस्कार केला आणि आपल्या जागी गेली. त्यात उर्मटपणा नव्हता, लाड नव्हते. आपल्याला येते ते समोरच्याला नीट द्यायचे, एवढेच होते. पुढे काही दिवसांनी गणिताचा बिघडलेला पेपर तिने न विचारता टेबलावर आणून ठेवला. पूर्वी असले पेपर मला दप्तराच्या तळाशी सापडायचे. आई चुकते, तिला सांगता येते, ती पुन्हा करून बघते, हे तिने रोज पाहिले होते. धाकाने जे लपत होते ते समोर आले. गृहस्थांनी सांगावे, यात घराचे काय बुडाले?

राहिले पोरांदेखत पडणे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदोची शाळा काढली. ज्युदोत आजही आधी पडायचे कसे ते शिकवतात. हनुवटी छातीशी, हात जमिनीवर आपटायचा, डोके टेकू द्यायचे नाही. आईबापांना पडताना पाहिलेले मूल पडायला घाबरत नाही, असे माझे ठाम मत आहे. दमलेली दोन माणसे घरी एकाच भुकेने जेवतात आणि जेवताना बोलतात, हेही खरे.

वाचकांनो, मुलांना वर्गाला सोडायला तुम्ही जाताच. पहिल्या दिवशी कराटेचा ड्रेस लागत नाही, साधी ट्रॅकपँट चालते. गुडघे दुखत असतील तर सरांना आधी सांगा, आणि चपला बाहेर काढून मागच्या रांगेत उभे राहा.