लेकीच्या ताटातलं जस्त

मुलगी चहा-बिस्किटावर कॉलेजला पळते आणि रात्री उरलंसुरलं जेवते. हिमोग्लोबिन कमी निघालं की आपण लोहाच्या गोळ्या आणतो. पण जस्ताचं, म्हणजे झिंकचं, नाव कुणी काढत नाही. वाढीला, जखम भरायला, तोंडाला चव राहायला, आजाराशी झुंजायला ते लागतंच. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार बाईला रोज सुमारे १३ मिलिग्रॅम हवं.

आपल्या धान्य-कडधान्यांत जस्त असतं. पण त्यातलं फायटेट ते पुरतं अंगी लागू देत नाही. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट कमी होतं. म्हणजे आजीची मोडाची मटकी आणि आंबोळी शहाणीच म्हणायची! जोडीला तीळकूट, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया. चालत असेल तर अंडं, मटण.

मैत्रिणींनो, हे मुलींना शिकवायलाच हवं. पुढे सासरी उपयोगी पडेल म्हणून नव्हे, त्यांच्या स्वतःच्या अंगासाठी. पण नुसतं शिकवून भागेल का? घरात अंडं एकच असलं तर ते कुणाच्या ताटात जातं? माझ्या हातून कितीदा मुलाच्याच ताटात गेलंय. आता मी ते अर्धं अर्धं करते. धडा मुलीआधी मलाच गिरवावा लागला.